स्थळप्रत

थोरलीने आईचा फोन चार्जरला लावला आणि धाकटीने तो लगेच स्वतःकडे ओढून घेतला. वायर आखूड होती, म्हणून ती खुर्चीसकट ओट्याजवळ सरकली.

"आईच्या खात्याचा पासवर्ड तोच आहे ना, ताई?"

"तोच म्हणजे?"

"मी लावून दिलेला."

"मग असेल. मी कशाला बदलतेय?"

थोरलीने कपबश्या विसळायला घेतल्या. त्या मघाशीच विसळून झाल्या होत्या.

आईला जाऊन तेवीस दिवस झाले होते. चौथ्याच दिवशी थोरलीने तो फोन पार कोरा केला होता आणि विषय मिटला असं समजून कपाटात टाकला होता. पण धाकटीचा स्वतःचा फोन पाण्यात पडला, त्यातलं सगळं गेलं, आणि आता तिला आईचे मेसेज हवे होते, शेवटच्या आठ महिन्यांचे. त्यासाठी ती सहा तासांचा प्रवास करून आली होती. आई अंथरुणावर असताना हाच प्रवास तिला एकदाही जमला नव्हता.

"लेक बोलत नाही गं माझ्याशी," धाकटी म्हणाली. "आजी आठ महिने पडून होती आणि तू गेली नाहीस, म्हणते. मी म्हटलं, आजीच नको म्हणत होती. तर म्हणाली, दाखव. नाही दाखवलं तर सुट्टीत घरी येणार नाही म्हणते. मैत्रिणीकडे राहीन, पण तुझ्याकडे नाही."

मेसेज होते, आणि त्यांत आई नकोही म्हणत होती. फक्त ते आईचे नव्हते. अर्धांगवायूच्या एका झटक्यात आईची वाचा गेली होती आणि उजवा हातही. त्यानंतरचा शब्द न् शब्द थोरलीचा. संध्याकाळी सहाला कामावरून आली की सांभाळणाऱ्या बाईला सुट्टी द्यायची, आईचं अंग पुसायचं, आणि आईचाच फोन घेऊन लिहायचं: 'मी आता पुष्कळ बरी आहे. ताई माझं सगळं नीट करते. तू एवढ्या लांब धावपळ करत येऊ नकोस, पोरीकडे लक्ष दे.' धाकटीचं उत्तर यायचं, 'बरं आई.' तेही थोरलीच वाचायची.

तिला राग होता. धाकटी नुसती दारात उभी राहिली तरी आईचा चेहरा फुलायचा, आणि इथे हागणं-मुतणं काढणारी समोर असताना त्याच आईची नजर दाराला लागलेली असायची. जन्मभर वाटून घेतली, निदान शेवटी तरी आई आपल्या एकटीची असू दे, असं थोरलीला वाटलं होतं. तेव्हा त्यात पाप वाटलं नव्हतं.

"नुसते तुझेच मेसेज घेता येत नाहीत का?" तिने पाठमोरी राहूनच विचारलं.

"नाही. आलं तर सगळं येतं." धाकटी पडद्यावरची टक्केवारी बघत होती. "बरं झालं, मी आईच्या फोनमध्ये ते साठवणीचं ॲप घालून दिलं होतं. रोज दुपारी चारला सगळं आपोआप वर जाऊन साठतं. नवीन भर पडत जाते, जुनं काही जात नाही."

"पुसलेलंसुद्धा?"

"चारनंतर पुसलं असेल तर तेही राहतं की."

थोरलीने बशी उपडी ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली.

आईची सगळी नोकरी तार कार्यालयात गेली. गेलेल्या प्रत्येक तारेची एक नक्कल कार्यालयात ठेवावी लागे, ती स्थळप्रत. हातात मोबाईल आला तरी आईची ती खोड गेली नाही. कुणालाही मेसेज केला की तोच ती स्वतःच्या नंबरावर पाठवायची. तो नंबर तिने 'स्थळप्रत' याच नावाने ठेवला होता. तो सापडत नाही म्हणून आईने भुणभुण केली, तेव्हा धाकटीनेच तो यादीत सगळ्यांत वर चिकटवून दिला. आपलाच मेसेज आपल्याला परत आला की आई खुशीत म्हणायची, "चला, लाइन चालू आहे."

फोन थरथरला. काम झालं होतं.

धाकटीने आधी आपले मेसेज उघडले. ती भराभर वाचत गेली आणि तिचे खांदे सैल पडले. "आहेत. सगळे आहेत." मग ती मागे आली आणि तिने सगळ्यांत वरचं नाव दाबलं.

थोरलीने नळ बंद केला.

"ताई, हे बघ."

पडद्यावर एकच शब्द होता. *ये.* उजवीकडे गेलेला *ये,* त्याखाली डावीकडे आलेला *ये.* दुपारी एक वाजून दहा. दोन वाजून पाच. दुसऱ्या दिवशी पुन्हा. धाकटी अंगठ्याने वर वर सरकवत राहिली, महिने मागे गेले, शब्द तोच.

"डाव्या हाताने काहीतरी खेळत बसायची," थोरली म्हणाली.

"खेळत नव्हती. नाव नीट वाचता येत नसेल, सगळ्यांत वरचंच दाबलं तिने. मला जातंय असं वाटलं असेल तिला." धाकटीने डावीकडच्या शब्दावर बोट ठेवलं. "आणि हे उलट येणारं माझं वाटलं असेल. तिने ये म्हणायचं आणि मीही ये म्हणायचं."

थोरली हात पुसत तिच्या पायाशी खाली बसली. आता लपवून उपयोग नव्हता.

"अगं, ते दुसरे मेसेज आहेत ना, तुझे..."

"तू लिहिलेस. माहितीये."

"केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून. आई आणि एवढे शब्द? 'पोचले. बरी. आई.' यापुढे ती कधी गेली होती का? माझ्या लग्नाला सुद्धा चार शब्दांचा आशीर्वाद दिला होता तिने."

"मग आली का नाहीस?"

"तू नको म्हणत होतीस ना." धाकटी फोनकडेच बघत होती. "माझ्या पथ्यावर पडलं. मला तिला तशी बघायची नव्हती, ताई. तो वास, ते वाकडं तोंड. तू लिहायचीस आणि मी सुटायचे."

थोरलीला वाटलं होतं, हे उघडं पडलं की धाकटी ओरडेल, रडेल, कदाचित हातही उगारेल. त्यातलं काहीच तिने केलं नाही.

"हे तेवढं काढून टाक," धाकटी म्हणाली. "बाकीचं राहू दे. पोरगी सगळं उघडून बघते."

थोरलीने फोन घेतला. तिचा अंगठा एकदा दाबून थांबला, मग वर गेला, मग कोपऱ्यात, आणि आठ महिने नाहीसे झाले. तिने पडद्याकडे नीट पाहिलंही नव्हतं.

"हात बसलाय तुझा," धाकटी म्हणाली.

थोरलीने मान खाली घातली.

"वर साठलेलंही काढायला हवं. नाहीतर पुन्हा घेतलं की पुन्हा येईल."

"ते मला येत नाही."

"मला येतं."

धाकटीने खुर्ची बाजूला सरकवली आणि तीही खाली बसली. दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या, लहानपणी एका पुस्तकातून अभ्यास करताना बसत तशा. धाकटीने दोन-तीन ठिकाणी दाबलं आणि पडद्यावर प्रश्न आला: कायमचं काढायचं का? तिने फोन दोघींच्या मध्ये धरला.

"दाब."

"तू दाब," थोरली म्हणाली. "तुलाच पाठवलंय ते."

धाकटीने दाबलं. मग तिने आपले मेसेज पुन्हा उघडून पाहिले. ते सगळे जागच्या जागी होते.