उत्तरेच्या काचा

नत्थूजी गजभिये यांचे पुत्र लहानूजी, लहानूजींचे सोनबाजी, आणि सोनबाजींचा हा संघपाल. या घराण्याचे आमच्या घराण्याकडे एक येणे होते. पैशाचे नसल्यामुळे ते कोणत्याही वहीत चढले नाही. परंतु माझे सासरे त्याला येणेच म्हणत, आणि मीही तोच शब्द वापरते.

नत्थूजी मिस्त्री होते. नागपूरच्या गिरण्यांची छपरे त्यांच्या हाताखालून गेली होती. सासऱ्यांनी कामठीत यंत्रमागांची शेड उभारायला घेतली, तेव्हा नत्थूजींनी उतारवयात तिचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे बांधले. प्रत्येक दात्याची उभी बाजू उत्तरेला, आणि त्या बाजूला काचा. उत्तरेकडून ऊन आत शिरत नाही, केवळ उजेड येतो. त्यामुळे मागावर झळ नाही आणि सावलीही पडत नाही. एकही दिवा न लावता विणकराला धागा न् धागा मोजता येई. या कामाची मजुरी नत्थूजींनी घेतली नाही. सासऱ्यांना ते एवढेच म्हणाले, "माझ्या वंशातलं कोनी इथं कामाले आलं, त त्याले डोळाभर उजेड द्या. तेवढं तुमच्यावर राहू द्या."

माझे पती अकाली गेले. १९८७ साली कारखान्याच्या किल्ल्या माझ्या हाती देताना सासऱ्यांनी मला हे सांगितले. मी मान डोलावली, आणि दोन वर्षांच्या आत ते वचन मोडले.

आमच्या विणकरांची एक जुनी रीत होती. संध्याकाळी मान वर करून काचांकडे पाहायचे. वरच्या उजेडात धागा मोजता येईनासा झाला, की धोटा खाली ठेवून उठायचे. दिवेलागणीनंतर मागाला हात लावायचा नाही. हातमागाच्या काळातली ही रीत यंत्रमागावरही चालत आली होती. मला ती परवडेना. मी ट्यूबलाइटच्या रांगा लावल्या, तरी वेळ झाली की चाळीस माना वर जात आणि माणसे उठून हातपाय धुवायला निघत. अखेर मी काचांना डांबर फासायचा हुकूम दिला. संध्याकाळ दिसलीच नाही, तर उठेल कोण? लोकांना मात्र सांगितले की उन्हाळ्यात काचा तापतात.

सोनबाजी आमच्याकडे जॉबर होता; मागांची सारी देखभाल त्याच्याकडे. तो शिडीपाशी येऊन उभा राहिला.

"बाईसाहेब, उत्तरेच्या काचेले ऊन लागतच नाही. काहून डांबर फासून राहिल्या?"

"तुझ्या आजाने छप्पर बांधले, म्हणून ते तुझे झाले का रे?"

डांबराची बादली वर जाऊ लागली, तेव्हा खाली शिडी त्यानेच धरली.

त्याच वर्षीची गोष्ट. संघपाल एकवीस वर्षांचा, बापाच्या हाताखाली काम शिकलेला. एका मागाचा पट्टा मोटारीच्या चाकावरून सरकला. चाळीस मागांच्या खडखडाटात एक चाक चालू आहे की बंद, हे कानांना कळत नाही. सारी भिस्त डोळ्यांवर. संघपालने पाहिले, चाक थांबलेले होते. त्याने पट्टा चढवायला हात घातला. उजवा हात मनगटापासून गेला.

दवाखान्यात तो एकच वाक्य बोलत राहिला, "चाक बंद होतं. मी पायलं होतं." कोणीही ते मानले नाही. सोनबाजी त्याच्या खाटेपाशी उभा राहून म्हणाला, "डोये फुटले होते काय रे तुये?" चौकशीच्या कागदावर 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे लिहिले गेले, आणि खाली मी सही केली. उपचारांचा खर्च मी केला, त्याला फाटकावर पहारेकऱ्याची नोकरी दिली, आणि माझे कर्तव्य झाले असे धरून चालले. शेडमध्ये त्याला 'आंधळा जॉबर' हे नाव पडले. आपल्या मुलाने घराण्याच्या कामाला बट्टा लावला, ही खंत घेऊनच सोनबाजी गेला. संघपाल मात्र पस्तीस वर्षे त्या फाटकावर बसला. शेडचा उंबरठा त्याने पुन्हा ओलांडला नाही.

यंदा माझी नात गार्गी इंजिनिअर होऊन कारखान्यात येऊ लागली. तिने आधी विजेची बिले पाहिली, मग मान वर केली.

"आजी, भर दुपारी शंभर ट्यूब जळून राहिल्या इथं. वर काचा आहेत नं?"

"आहेत."

"मग काळ्या काहून?"

मी विषय बदलला. उत्तर न मिळाल्याने ती गप्प बसणारी नव्हे; माझीच नात. दुसऱ्या दिवशी ती मला शेडच्या मागच्या अंगाला घेऊन गेली, जिथे अजून जुन्या ट्यूब होत्या. एका मोटारीकडे बोट दाखवून तिने कानाशी येऊन विचारले, "हे चाक चालू आहे का बंद?"

"बंद. आरे मोजता येतात."

"पक्कं?"

"मला शिकवतेस?" असे म्हणून मी त्यावर हात ठेवायला वाकले, आणि तिने माझे मनगट घट्ट धरले.

"चालू आहे, आजी! वेड लागलं का तुला?"

तिने हातातला कागद चाकाला लावला. त्याच्या चिंध्या उडाल्या.

मग तिने मला बाहेर नेऊन समजावले. ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंदावते आणि पुन्हा उजळते. चाकाची गती तिच्याशी जुळली, की प्रत्येक उजळण्याला आरे त्याच जागी दिसतात आणि फिरते चाक थांबलेले भासते. दिवसाच्या उजेडात असे होत नाही. "पहिल्या वर्षाला शिकवतात हे," ती म्हणाली. "काचा उघडल्या तर बिलही अर्ध्यावर येईल. लोकांना तेच सांगू नं?"

तिला संघपालची हकिगत ठाऊक नव्हती. त्या रात्री मी ती उशिरापर्यंत मनात घोळवली. बिलाचे कारण पुढे करून काचा उघडल्या असत्या, तर माझ्या नावाला धक्का लागला नसता. संघपाल मात्र आंधळा जॉबर म्हणूनच मेला असता.

आठ दिवस माणसे छपरावर रॉकेल आणि पाती घेऊन डांबर खरवडत होती. नवव्या सकाळी मी सर्व माग बंद करवले, कामगारांना गोळा केले, आणि संघपालला बोलावणे पाठवले. तो उंबरठ्याबाहेर थांबला. मी उभी राहूनच बोलले. १९८९ साली याने चाक थांबलेले पाहिले, ते खरे होते. माझ्या दिव्यांनी त्याला फसवले. काचा मी काळ्या केल्या, त्या तुम्ही संध्याकाळी उठू नये म्हणून. उन्हाचे कारण खोटे होते. निष्काळजीपणाच्या कागदावर सही माझी आहे.

कांड्या भरणारी रंभाबाई तोंडावर पदर धरून म्हणाली, "अवं माय! अन् आपन याले आंधळा म्हनून राहिलो होतो!"

संघपालने उंबरठा ओलांडला. त्याने वर पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले.

"बाप जित्ता असता त बरं झालं असतं."

"मला तेव्हा ठाऊक नव्हते, संघपाल."

"चाकाचं नव्हतं. डांबराचं त होतं न, बाईसाहेब?"

"होते," मी म्हणाले.

तो दिवसभर आत राहिला. दिवे बंद होते, माग चालू होते. तो एकेका चाकापाशी थांबे, त्याचे फिरणे पाही, आणि पुढे सरके. संध्याकाळी काचा राखाडी झाल्या, माना वर गेल्या, आणि माणसे एकेक करून उठली. मुख्य खटका मी माझ्या हाताने पाडला.

संघपालने फाटकाची किल्ली डाव्या हाताने माझ्यापुढे धरली.

"उद्यापासून दुसरा मानूस पाहा जी."

"काहून रे?" माझ्या तोंडून निघून गेले.

"मी पायलं ते खरं होतं, हे कोनी म्हनंल, याच्यासाठीच त बसलो होतो फाटकावर. नायतर एका हाताच्या मानसाले कामठीत दुसरं काम नव्हतं काय? आता नागपूरले, नंदनवनात जातो, करिष्माकडे. पोरगी कवाची बोलावून राहिली."

मी किल्ली घेतली. त्याला थांब म्हणावेसे फार वाटले, म्हटले नाही. एवढेच विचारले, "नत्थूजींचे काही राहिले का आमच्याकडे?"

आपल्या रिकाम्या बाहीचे टोक त्याने नीट दुमडले.

"नाही, बाईसाहेब. पुरं फिटलं."