खिळ्यावरच्या राऊटरचा सूड

मी एक जुना वायफाय राऊटर आहे. इंझोरीच्या बसथांब्यासमोर मोबाईल रिपेअरिंग आणि झेरॉक्सचं एक दुकान आहे, तिथल्या भिंतीत एका खिळ्याला मी टांगलेला आहे. माझी एक अँटेना मोडकी, तिला चिकटपट्टी गुंडाळलेली. अंगावर अगरबत्तीची राख. पण मित्रांनो, माझी कीव करू नका. मी माझा सूड उगवला आहे, अगदी मनासारखा उगवला आहे, आणि तोच आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म दूरच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथे माझ्या पाठीवर एक नंबर चिकटवला. तसा नंबर दुसऱ्या कोणाचा नाही. पुढे नरेंद्रने मला कारंज्याहून विकत आणलं. गाव त्याला नरेंद्रभाऊ म्हणतं, मी म्हणत नाही. पहिल्या दिवशी त्याने मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. माझ्या वायफायला नाव काय द्यायचं असा प्रश्न आला, तेव्हा पठ्ठ्याने स्वतःचंच नाव टाकलं, ‘नरेंद्रभाऊ’.

"लोकाईले दिसू दे ना आपलं नाव!" असं म्हणून तो हसला होता.

राऊटरचं काम काय असतं, ठाऊक आहे? आपलं नाव आणि नंबर पुकारत राहणं. सेकंदाला दहा वेळा, बरं का! तुमचे आजोबा देवाचं नावही इतक्या वेळा घेत नसतील. मी त्या माणसाचं नाव दिवसरात्र पुकारत राहिलो. रस्त्याने जाणाऱ्या फोनच्या कानावर माझी हाक पडायची. आपण कुठे उभे आहोत हे त्या फोनला आकाशातल्या उपग्रहांकडून कळलेलं असायचं. मग तो गुपचूप नकाशावाल्या कंपनीला कळवायचा, की अमुक नंबरचा राऊटर इंझोरीत, बसथांब्यासमोर आहे. अशी माझी जागा जगाच्या नकाशावर पक्की झाली. माझ्या मालकाला मात्र त्याचा पत्ताच नव्हता.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग मार सुरू झाला. नरेंद्र स्वतः दिवसभर सिनेमे उतरवायचा, आणि गिऱ्हाईक खोळंबलं की माझ्या डोक्यात चापट हाणायचा. "राऊटरच भंगार हाये!" असं चारचौघांत म्हणायचा. अँटेनाही त्यानेच मोडली, रागाच्या भरात. मी काय करणार? मला एकच शब्द येत होता, आणि तो याचं नाव होता. ते पुकारताना माझा किती जळफळाट व्हायचा, काय सांगू!

माझ्याकडे प्रेमाने पाहणारी एकच होती, योगिनी. नऊ वर्षांची पोर. तिला ऐकू यायचं, सगळं समजायचं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. कारंज्याच्या तिच्या शाळेतल्या निता मॅडमनी तिला एक टॅबलेट मिळवून दिला होता. त्यावर चित्रांच्या चौकटी होत्या. चौकट दाबली की टॅबलेट बोलायचा, आणि बोलायचा तो तिच्या आईच्या, पौर्णिमाच्या आवाजात. पौर्णिमाने एकेक शब्द स्वतः म्हणून भरला होता. "मले भूक लागली." "पानी पायजे." "दुखून राह्यलं." मॅडमनी दाखवलं तसं हे सगळं तिने याच दुकानाच्या बाकावर बसून, माझ्या वायफायवर चढवलं. तेव्हापासून त्या टॅबलेटची नि माझी ओळख. तो दुकानात आला की न सांगता मला जोडला जायचा.

योगिनी आली की माझ्या हिरव्या दिव्याकडे बोट करायची आणि चौकट दाबायची, "हिरवा!" मग फ्रॉकच्या टोकाने माझ्यावरची राख पुसायची. मला सेकंदाला दहा वेळा पुकारायची सवय, पण तिच्या त्या एका शब्दासाठी मी सकाळपासून वाट पाहायचो.

एके दिवशी पौर्णिमा लेकीच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स काढायला आली. योगिनी बकरीच्या पिल्लामागे थेट रस्त्यावर धावली. समोरून ट्रॅक्टर येत होता. पौर्णिमा ओरडत धावली, पोरीला उचललं आणि तिला घेऊन तशीच घरी गेली. टॅबलेट काउंटरवर राहिला. नरेंद्रने त्यावर आधी वर्तमानपत्र टाकलं. मग इकडेतिकडे पाहिलं, टॅबलेट बंद केला, सिम काढलं आणि तो खालच्या खणात सरकवला. मी भिंतीवरून सगळं पाहत होतो.

अर्ध्या तासात पौर्णिमा धापा टाकत परत आली. "भाऊ, टॅबलेट राह्यला का इथं?"

"नाई बा. तुमी तं घेऊन गेल्या ना!"

टॅबलेट निता मॅडमच्याच खात्यावर चालायचा, म्हणून त्यांनी आपल्या फोनवर शोधलं. टॅबलेटचं शेवटचं ठिकाण हेच दुकान दिसत होतं. पण त्यावर नरेंद्रचं उत्तर तयार होतं. "इथंच तं बसल्या होत्या त्या. मंग रस्त्यात पडला असन." त्याचं बोलणं खोडता येईना, आणि टॅबलेट बंद असल्यामुळे पुढचं काही कळेना.

मग योगिनीचे हाल सुरू झाले. बाराव्या दिवशी पौर्णिमा तिला घेऊन दुकानासमोरून गेली, तेव्हा पोर स्वतःच्या डोक्यावर बुक्के मारत होती. चार दिवस जेवली नव्हती. पोट दुखतं म्हणून औषध दिलं, दात दुखतो म्हणून लवंग दिली. कुठे दुखतं विचारलं की ती आणखीच बुक्के मारायची, नेमकं काय होतंय ते कोणालाच कळत नव्हतं. सांगायचं तिने कशाने? तिची वाचा माझ्यापासून दोन हातांवर, खणात पडली होती! माझा नुसता संताप झाला. मी नुसता पुकारत होतो, "नरेंद्रभाऊ, नरेंद्रभाऊ." टॅबलेट बंद होता, त्याला ऐकू कसं जाणार?

दुसऱ्याच दिवशी नरेंद्रचा दोस्त मुन्ना आला. टॅबलेट कोरा करून कारंज्याला विकायचं दोघांचं ठरलेलं होतं. नरेंद्रने तो बाहेर काढून चालू केला.

मुन्ना जरा घाबरला. "अबे, सापडनार तं नाई ना?"

"सिम काढलं ना! छताखाली जीपीएस लागत नाई. कोनाच्या बापाले पत्ता लागत नाई."

एवढी मोबाईलची विद्या पाजळणारा हा माणूस, पण मला विसरला! टॅबलेटने डोळे उघडले, माझी हाक ऐकली आणि न विचारता मला जोडला गेला. आता त्याला ना सिमची गरज होती, ना उपग्रहाची. आपण कोणत्या राऊटरच्या जवळ आहोत, एवढं त्याने कळवायचं होतं, आणि माझी जागा तर नकाशात आधीच पक्की होती.

बॅटरी संपत आली होती, म्हणून कोरा करण्याआधी त्यांनी तो चार्जिंगला लावला. तेवढ्यात नरेंद्रला गंमत सुचली. त्याने चौकट दाबली. "मले भूक लागली," पौर्णिमाचा आवाज म्हणाला. दोघं खिदळले. "पानी पायजे." पुन्हा खिदळले. मित्रांनो, त्याने मारलेल्या सगळ्या चापटा मी एक वेळ विसरलो असतो. ते हसणं मात्र विसरणार नाही.

टॅबलेटचा निरोप माझ्या हाती आला. आजवर मी पुष्कळदा रेंगाळलो, पण त्या दिवशी एक क्षणही घेतला नाही. कारंज्यात निता मॅडमच्या फोनवर निळं वर्तुळ उमटलं. ठिकाण तेच होतं, पण वेळ आत्ताची होती.

मुन्ना चहाला गेला आणि नरेंद्रने टॅबलेट वायरसकट खणात ठेवला. पंधरा मिनिटांत दारात पौर्णिमा उभी. हाताला धरलेली योगिनी, सोबत शेजारचे उकंडरावकाका आणि हातातल्या फोनवर निता मॅडम.

"भाऊ, टॅबलेट द्या," पौर्णिमा म्हणाली.

"आता काहून आल्या? सांगतलं ना, नाई मनून!"

मॅडमचा आवाज आला, "पौर्णिमाताई, गप्प उभ्या राहा. मी इथून टॅबलेट वाजवते."

नरेंद्रला काय कळायचं ते कळलं. तो माझ्याकडे झेपावला आणि त्याने माझी वायर उपटली. माझे दिवे विझले. पण त्याआधी मी मॅडमचा वाजण्याचा हुकूम टॅबलेटला पोचवला होता! खणातून टॅबलेट असा ठणाणा वाजू लागला की बसथांब्यावरची माणसं धावत आली. उकंडरावकाकांनी खण ओढला.

"काहून रे नरेंद्र, लेकराची जबान चोरली तूनं?"

सगळं गाव पाहत होतं. योगिनीने टॅबलेट छातीशी धरला, मग घाईघाईने दोन चौकटी दाबल्या. "कान." "दुखून राह्यलं." पुन्हा तेच. "कान. दुखून राह्यलं." पौर्णिमा तिला कवटाळून रडू लागली.

त्याच दिवशी कान तपासला. आत पू झाला होता. आठवडाभराच्या औषधाने पोर बरी झाली. पण सूड तिथे संपला नाही.

पौर्णिमाच्या ध्यानात आलं की टॅबलेटवर भूक होती, तहान होती, दुखणं होतं, राग मात्र नव्हता. तिने नवी चौकट भरायला घेतली. निता मॅडम जरा कचरल्या, तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, तिले बी राग येते. मंग तो शब्द कायले नसावा तिच्यापाशी?"

गिऱ्हाईक तुटायला लागलं तशी नरेंद्रला माझी वायर परत लावावी लागली. त्याने माझ्यावरचं स्वतःचं नाव मात्र पुसलं आणि कसलेसे आकडे टाकले. आपलंच नाव पुकारलेलं त्याला आता सोसत नाही. माझ्या पाठीवरचा नंबर तोच आहे, तो त्याला पुसता येत नाही.

तेव्हा मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी सांगणार नाही. सापडलेली वस्तू ज्याची त्याला द्या. आणि ज्याला बोलता येत नाही त्याला हसताना दहादा विचार करा, कारण त्याला शब्द कधी सापडेल याचा नेम नसतो.

रोज सकाळी शाळेत जायला योगिनी इथे बसथांब्यावर येते. आधी माझ्याकडे बोट करून "हिरवा" दाबते. मग टॅबलेट दुकानाकडे उंच धरते. नरेंद्र मान खाली घालून उगीचच झेरॉक्सचे कागद जुळवत बसतो. तो वर पाहीपर्यंत ती नवी चौकट दाबत राहते.

"मले राग आला. मले राग आला. मले राग आला."