अर्धा स्वर वर

शाईबाईंनी क्लॅरिनेटचा पार्ट खिडकीच्या उजेडात धरला आणि शेवटच्या पानाच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. कागद तिथे पातळ लागत होता. लागणारच. एकतीस वर्षांपूर्वी त्यांनीच तो ब्लेडने खरवडला होता.

ऑर्केस्ट्राच्या तळघरात बसून प्रत्येक वादकासाठी त्याच्या सुरावटी हाताने उतरवून देणं, हे त्यांचं काम. खरं नाव हजेरीपुस्तकापुरतं. बाकी सगळ्यांना त्या शाईबाई. पार्ट उतरवून झाला की खालच्या कोपऱ्यात त्या एक बारकीशी चिमणी काढत. उतरवणाऱ्यांची रीतच ती. कुणी टिंब देतं, कुणी फुली. चूक निघाली तर कान कुणाचा धरायचा, ते कळायला हवं ना!

या एकाच पार्टावर चिमणी नव्हती.

ऑर्केस्ट्राचे संगीतकार मास्तर, त्यांची पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची ती पहिली मोठी रचना. दुसऱ्या भागाच्या तोंडाशी त्यांनी पेन्सिलने लिहिलं होतं, ‘वाद्य बदला’. क्लॅरिनेटवाल्याजवळ दोन क्लॅरिनेट असतात, एक दुसरीपेक्षा अर्धा स्वर खाली बोलते. तेवढे दोन शब्द शाईबाईंकडून उतरवायचे राहिले. पहिल्या तालमीला क्लॅरिनेटवाला हातातलीच घेऊन वाजवत सुटला. पियानो आपल्या पट्टीत आणि ही बया अर्धा स्वर वर. दोन भावांनी अबोला धरून एकाच पंगतीत जेवायला बसावं, तसं ऐकू येत होतं. कंडक्टरने हात थांबवला, मागे वळून मास्तरांकडे पाहिलं. तिसऱ्या रांगेत मास्तर डोळे मिटून बसले होते. ते न उघडताच म्हणाले,

“असंच राहू द्या. फक्त लय संथ करा. बहात्तर नको, चोपन्न.”

शाईबाई दाराशी उभ्या होत्या. कानाच्या पाळ्यांपर्यंत गरम झाल्या, खाली आल्या आणि तालीम संपून पार्ट परत येताच त्यांनी ब्लेड काढलं.

रचना गाजली ती नेमकी त्याच जागेने. मिनिटाला चोपन्न ठोक्यांच्या संथ लयीत दोन पट्ट्या एकमेकींना घासत जातात, आणि पट्टीचे जाणकारही डोळे पुसतात. एकाने तर त्या अर्ध्या स्वरावर प्रबंध लिहून नावामागे डॉक्टर लावून घेतलं. मास्तर मात्र त्यानंतर शाईबाईंना कधी समोरून भेटले नाहीत. बोळात त्या दिसल्या की ते जिन्याकडे वळत. शाईबाई समजून चुकल्या: माणूस सज्जन, पांघरूण घातलंय, पण तोंड पाहायची इच्छा नाही. छापील प्रतही त्यांच्याच पार्टांवरून निघाली. त्या गप्प राहिल्या.

मास्तर गेल्या वर्षी वारले. आता नवी आवृत्ती निघायची होती. कंडक्टरची चिठ्ठी टेबलावर होती: ‘मूळ हस्तलिखिताशी ताडून पाहावे. फरक आढळल्यास कुणामुळे, तेही कळवावे.’

“किती पायऱ्या हो तुमच्याकडे! स्वर्गातही एवढ्या नसतील.”

मास्तरांच्या बायको दारात धापा टाकत होत्या. काखेत उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं मूळ हस्तलिखिताचं बाड.

“खाली उतरायच्या होत्या, वहिनी. मग स्वर्ग कसला?” शाईबाईंनी खुर्ची पुढे केली.

वहिनींनी बाड सोडलं आणि पानं उलटत स्वतःच दुसऱ्या भागावर बोट ठेवलं. पेन्सिल जराही पुसट झाली नव्हती. ‘वाद्य बदला.’ वर आकडा, बहात्तर.

“मला यातलं ओ की ठो कळत नाही,” वहिनी म्हणाल्या, “पण हे पान पाठ आहे. लोकांनी त्या जागेचं कौतुक केलं की हे घरी येऊन ताट सारून उठायचे. म्हणायचे, आवडली ती जागा तेवढी माझी नाही.”

“लय तर त्यांचीच ना?”

“मीही हेच म्हणायचे. तर म्हणायचे, चोराने घर सारवलं म्हणून ते त्याचं होत नाही.”

शाईबाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसत बसल्या. काचा स्वच्छच होत्या.

“सांगायचं होतं कुणाला तरी.”

“कुणाला? ज्याच्या हातून झालं, त्याच्यासमोर उभं राहायचीच लाज. माणूस दिसलं की जिना चढून जायचे म्हणे. या वयात गुडघे झिजवले त्यापायी! नाव मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, पार्टाखाली चिमणी असते, तिला शोध.” त्यांनी हात पुढे केला. “हाच ना तो पार्ट? बघू.”

वहिनींनी पान डोळ्यांजवळ नेलं, दूर नेलं.

“यावर तर काहीच नाही हो. कोपरा झिजलाय नुसता. कसर लागली असेल.”

“कसर नाही,” शाईबाई म्हणाल्या.

वरच्या मजल्यावर पियानो जुळवणारा एकच पट्टी पुन्हा पुन्हा ठोकत होता. शाईबाईंनी पार्ट आपल्याकडे ओढला. पेनाचं टोपण काढलं. खरवडलेल्या कागदावर शाई फुटते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! तरी टोक टेकवलं. चोच, पोट, शेपटी. शाई चहूकडे पसरली. चिमणीची पार कोंबडी झाली. मग त्यांनी कंडक्टरची चिठ्ठी ओढली आणि खाली लिहिलं: ‘फरक आहे. माझ्यामुळे.’

मान त्यांनी वर केली नाही. वहिनींचा हात पानावर आला, शाई ओली आहे हे पाहून अलीकडेच थांबला.

“जाड झाली की हो,” वहिनी म्हणाल्या.

“एकतीस वर्षं बसून होती, वहिनी.”