चार बोटं बुटका झालेला जिराफ

मित्रांनो, तुमच्यापैकी कितीतरी जणांना मी रडवलं आहे. मी करमणुकीच्या बागेतला एक जुना लाकडी जिराफ आहे. रोलरकोस्टरच्या दाराशी माझी जागा. माझ्या मानेवर एक लाल रेघ आहे. तुमचं डोकं रेघेला लागलं तर आत, नाहीतर घरी.

ज्या सुताराने मला घडवलं तो कामाचा पक्का होता. रेघ मारण्याआधी त्याने आपल्या धाकट्या लेकीला उभ्या गाडीत बसवलं आणि मांडीवरचा दांडा खाली ओढला. पोर खालून अलगद निसटली. मग थोरलीला बसवलं, तिला दांड्याने घट्ट धरलं. थोरलीच्या डोक्याइतकी रेघ त्याने आखली आणि रंग देण्याआधी तीनदा मोजली.

बारा वर्षं मी इमानाने उभा राहिलो. माणसं मात्र मुलखाची लबाड. कुणी पोराच्या बुटात मोजे कोंबायचं, कुणी पोरीचा अंबाडा टाळूवर बांधायचं. हिवाळ्याच्या सुट्टीत तर गोंड्याच्या टोप्यांचं पीकच यायचं. एका आजीने शपथेवर सांगितलं, की नातू सकाळी चांगला उंच होता, थंडीने आखडला. माझ्याशेजारी उभी राहणारी मावशी हसायची, टोपी काढायची, केसांवर तळहात दाबायची आणि म्हणायची, "पुढच्या वर्षी ये राजा, जिराफ कुठे पळून जात नाही." बागेचे साहेब पाहुण्यांना माझ्यापुढे उभं करून सांगायचे, की आमच्याकडे आजवर एकाही पोराला खरचटलेलं नाही. तेव्हा माझी मान आणखी ताठ व्हायची.

या सुट्टीत गर्दी लोटली. मी परत पाठवलेल्या पोरांचे आईबाप साहेबांच्या खोलीत जाऊन भांडू लागले. साहेब रोजच्या कटकटीला कंटाळले. एका सकाळी त्यांच्या हुकमाने माळी कुदळ घेऊन आला आणि त्याने मला चार बोटं खोल रोवलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. यंदा मुलं कशी भराभरा वाढली, म्हणून आयांनी उलट दृष्ट काढली.

मावशीला मात्र पहिल्याच पोराच्या डोक्यावर हात ठेवताना कळलं. ती तडक साहेबांकडे गेली. साहेबांनी विचारलं, इतक्या वर्षांत पडलंय का कुणी?

"नाही पडलं," मावशी म्हणाली, "कारण जिराफ खरं बोलत होता."

साहेबांना दुसरी कामं होती.

त्याच दुपारी एक बाप लेकीला घेऊन आला. पोर माझ्याखाली श्वास रोखून उभी राहिली. डोकं रेघेला लागलं. तरी मावशीने मान हलवली आणि दारावरची साखळी धरून ठेवली. बाप तापला.

"तुमचाच जिराफ हो म्हणतोय. तुम्ही कोण नाही म्हणणाऱ्या?"

रांग हसली. तिला खोटं पाडायला साक्षीदार होतो मी, आणि माझं तोंड नुसतं रंगवलेलं. साहेब आले. त्यांनी मावशीला तिथून काढून बागेतल्या टोप्यांच्या दुकानात कामाला पाठवलं आणि साखळी स्वतःच्या हाताने काढली.

गाडी परत आली तेव्हा बापाचे दोन्ही हात लेकीच्या कमरेभोवती आवळलेले होते. दांडा वर झाला तरी ते सुटेनात. पोरीचा एक बूट गेला होता. रांगेतल्या कुणीतरी विचारलं, कशी काय आहे गाडी?

बाप माझ्या रेघेकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा बोलेल.

"मस्त आहे," तो म्हणाला आणि पोरीला कडेवर घेऊन फाटकाकडे निघाला.

भर रांगेत जिंकलेलं भांडण परत करायची लाज वाटते माणसाला. त्यापेक्षा दुसऱ्याचं पोर गाडीत बसलेलं परवडतं. रांग पुढे सरकली. मी पुढच्यालाही हो म्हणालो.

मित्रांनो, मला वर काढा असं तुम्हाला सांगून उपयोग नाही, कुदळ तुमच्या हातात नाही. पण गाडीत बसलात की दांडा ओढून बघा. दांडा आणि मांडी यांच्यात तुमची मूठ मावली, तर गाडी हलायच्या आत ओरडा आणि उतरा. रांग हसेल, बाबा रागावतील. जिराफ तर हो म्हणाला होता, असंही म्हणतील. त्यांना सांगा, जिराफानेच उतरायला सांगितलंय.