टीव्हीवरचा काटेरी शंख

मित्रांनो, मी एक जुना, काटेरी, रिकामा शंख आहे. ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. ती आमच्याच जातीला शोभते. अदिरामपट्टिणमच्या किनाऱ्याजवळ, गढूळ वाळूत मी राहत असे. शिंपल्याला हळूच भोक पाडायचं आणि आतला जीव खायचा, हा माझा धंदा. खोटं कशाला बोलू? पण भूक भागली की मी गप्प पडून राही.

मग यांत्रिक होड्यांची जाळी तळ खरवडत आली. मला उकळत्या पाण्यात टाकलं, आकड्याने मांस ओढून काढलं. उरलेलं कवच ॲसिडने धुतलं आणि वर चकचकीत रोगण चढवलं. तंजावूरच्या मोठ्या देवळाजवळच्या दुकानात श्रीकररावांनी मला पाहिलं. त्याच आठवड्यात त्यांच्या घरी रंगीत टीव्ही आला होता, केबलही आली होती. टीव्हीवर ठेवायला त्यांनी मला घेतलं. येणारा जाणारा माझं कौतुक करी. दोन वर्षं बरी गेली.

ताराबाई म्हणजे श्रीकररावांच्या आई. बाळाचं पोट दुखलं की शंख सहाणेवर उगाळून, आईच्या दुधात कालवून चाटवायचा, ही त्यांची रीत. त्यांचा पांढरा शंख झिजून संपला होता. एके सकाळी सहा महिन्यांची नात हरिप्रिया पाय पोटाशी घेऊन रडू लागली.

“आई, डॉक्टरकडे नेऊ या,” सून वाणी म्हणाली.

“इतक्याला डॉक्टर कशाला गं? श्रीकरला शंख उगाळूनच वाढवला मी. हाही शंखच की.”

त्यांनी मला खाली उतरवलं, धुतलं आणि पंधरा-वीस वळसे उगाळलं. रोगण दुधात उतरलं आणि ते दूध पोरीला चाटवलं. मला कळत होतं, पण त्यांचा हात मी कसा धरणार?

दुपारी पोरीला उलट्या सुरू झाल्या. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, “त्या शंखावर काय लावलेलं होतं?” कुणालाच सांगता येईना. हरिप्रिया घरी परत आली नाही.

श्रीकरराव मला फेकायला निघाले, तर ताराबाईंनी मला त्यांच्या हातातून काढून घेतलं. आता मी त्यांच्या उशाशी असतो. “आधी मी चाटून बघायचं होतं,” एवढंच त्या रोज म्हणतात. वाणी त्यांच्याशी बोलत नाही.

मित्रांनो, समुद्रातले जीव समुद्रात राहू द्या, हे तर मी सांगेनच. पण तंजावूरला आलात तर त्या म्हातारीजवळ घटकाभर बसा. रोगण तिने लावलं नव्हतं, एवढं तिला सांगा. माझ्याच्याने ते होत नाही.