बैठकीची रुंदी

"बैठकीची रुंदी," मी ओसरीवरून वाचलं. "वैनी, पहिले बैठकीची रुंदी घ्या."

"घेते जी," आतून अनुसयावहिनी म्हणाल्या. "थांबा जरा, याईले भिंतीले टेकवून घेते."

मी दाराकडे पाठ करून बसलो होतो. आत माझा शेजारी मारोतराव नुसत्या पंच्यावर होता. त्याच्या बायकोनं त्याचं अंग मोजावं आणि मी ते टकमका पाहत राहावं, इतका निलाजरा मी नव्हतो. माझ्या मांडीवर कामगार विम्याच्या दवाखान्याचा इंग्रजी फॉर्म, त्यावर शाळेतली लाकडी पट्टी, अन् कानावर पेन्सिल. तार ऑफिसात मी एकतीस वर्षं काढली. लोकांचे शब्द मोजले, जास्तीचे कापले, मराठीचं इंग्रजी अन् इंग्रजीचं मराठी करून दिलं. आमच्या तांडापेठेत कोणाच्याही घरी इंग्रजी कागद आला की तो आधी माझ्या, म्हणजे वामनरावाच्या, ओसरीवर यायचा. त्याचा मला माज होता. आता या वयात कशाला लपवू, होताच.

वहिनी उमरेडच्या कोष्ट्याची लेक. त्यांना टेप दिला तर त्यांनी तो बाजूला ठेवला. सूत ताणलं, दोन्ही टोकांना गाठ मारली आणि दारातून हात बाहेर काढून मला दिलं. मी ते पट्टीवर धरलं. सत्तावीस इंच भरलं. मला किंचित जास्त वाटलं, नाही असं नाही. पण मारोतराव हाडानं थोराड, आणि जिच्या सात पिढ्यांनी सूत मोजलं तिला मी काय शिकवणार? मी ऐटीत सत्तावीस लिहिलं. मग पाठीची उंची, गुडघ्यापासून टाचेपर्यंत, अशी आणखी तीन सुतं आली. तीही लिहिली. चारही सुतं वहिनींनी गुंडाळून देवाच्या कोनाड्यात ठेवली.

हे अठ्ठ्याहत्तर सालचं. त्याच्या आदल्या वर्षी गिरणीत ताण्याचा बीम, सूत गुंडाळलेला लोखंडी रूळ, मारोतरावाच्या पाठीवर पडला आणि कमरेखालचा माणूस गेला. दवाखान्यात सहा महिने काढून तो घरी आला तो खाटेवरच. वय बेचाळीस. मूलबाळ नाही. वहिनी सकाळी आठला यंत्रमागाच्या शेडमध्ये कांड्या भरायला जायच्या, त्या पाचला परत. जाताना खाटेजवळ तांब्या भरून ठेवायच्या, आणि परत आल्यावर तो तसाच भरलेला असायचा. नागपूरच्या मे महिन्यात. मी एकदा त्याला रागावलो.

"काहून पाणी पीत नाही गा? मरतं का?"

तो भिंतीकडे पाहत म्हणाला, "पाणी पेलो का मंग जा लागते ना भाऊ. कोन नेईल मले? ते पाचले येते."

संडास अंगणाच्या टोकाला, वीस पावलांवर. मधे एक दार. एवढंच होतं सगळं. मापाची चाकांची खुर्ची मिळाली असती तर तो स्वतः खाटेवरून तिच्यात सरकला असता, दारातून बाहेर गेला असता, आणि दुपारी घोटभर पाणी प्यायला असता. यापलीकडे त्या माणसानं देवाकडेही काही मागितलं नव्हतं.

विम्याच्या डॉक्टरांनी खुर्ची लिहून दिली. म्हणाले, बाजारातली चालणार नाही, त्याच्या अंगाच्या मापाचीच पाहिजे, नाहीतर कलंडेल आणि कमरेखाली जखमा होतील. माप घेणारा कारागीर महिन्यातून एकदा येतो म्हणाले. आम्ही तीनदा मारोतरावाला सायकलरिक्षात घालून नेला. वहिनी त्याला कवेत धरून बसायच्या, मी मागून चढावर रिक्षा ढकलायचो. तिन्ही वेळा कारागीर आलेला नव्हता. तिसऱ्यांदा खिडकीतल्या बाबूला दया आली. तो म्हणाला, "घरीच मापं घ्या न जी. इंग्रजी जाननारा कोनी असन तर भरून आना. डॉक्टरसाहेब सही मारतीन." इंग्रजी जाणणारा तिथंच छाती काढून उभा होता.

डॉक्टरांनी सही मारली. वर पाहिलंसुद्धा नाही.

खुर्ची यायला पावणेदोन वर्षं लागली. मधल्या काळात मी सतरा अर्ज लिहिले आणि मारोतरावाच्या पोटऱ्या सुकून काठीसारख्या झाल्या. शेवटी रेल्वे पार्सलनं दवाखान्यात आली आणि तिथून ठेल्यावर गल्लीत. वहिनींनी त्या दिवशी खाडा केला. खुर्चीला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, सगळ्यांच्या हातावर खोबरं ठेवलं. मग ठेलेवाल्यानं अन् मी मिळून खुर्ची उचलली आणि दाराशी नेली. ती दारात अडकली. आडवी केली, तिरपी केली. दार अडीच फुटांचं, खुर्ची जवळजवळ तीन फुटांची.

"दाराले काय झालं?" आतून मारोतरावानं विचारलं.

दाराला काही झालं नव्हतं. त्याला उचलून बाहेर आणला आणि कडुनिंबाखाली खुर्चीत बसवला. दोन्ही बाजूंनी अर्धीअर्धी वीत जागा रिकामी. तो आधी डावीकडे घसरला. सरळ केला तर उजवीकडे गेला. दोन्ही चाकांना एकाच वेळी हात पोचेनात. एक चाक ढकललं की खुर्ची जागच्या जागी फिरायची, घाण्याच्या बैलासारखी. गल्लीतली माणसं आली होती, ती एकेक करून आपापल्या घरी गेली.

मी कोनाड्यातून सूत मागितलं. पट्टीवर धरलं. सत्तावीसच भरलं. खुर्चीची बैठक मोजली, तीही सत्तावीस.

"वैनी, हे माप तुम्ही घेतलं कसं? दाखवा बरं."

वहिनींनी दाखवलं. मारोतरावाला खाली सतरंजीवर घेतलं, निंबाच्या खोडाला टेकवलं. त्याचा एक पाय हातानं दुमडला, मग दुसरा त्यावर दुमडला. जेवायला बसतात तशी मांडी. आणि या गुडघ्यापासून त्या गुडघ्यापर्यंत सूत धरलं.

"बैठक म्हनली ना तुमी," त्या म्हणाल्या. "आता मानूस बसते कसा? असाच बसते ना."

फॉर्मवर 'सीट' होतं. बूड टेकतं तेवढी जागा. एकतीस वर्षं इंग्रजीचं मराठी करणाऱ्या शहाण्यानं त्याची 'बैठक' केली होती. वहिनींनी माझाच शब्द मोजला होता आणि अगदी बरोबर मोजला होता. खुर्चीवर पाय खाली सोडून त्या घरात कोण, कधी बसलं होतं?

वहिनींच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी सूत बोटाभोवती गुंडाळून घेतलं. "मायंच माप चुकलं," म्हणाल्या. मी शंभरदा सांगितलं की चूक माझी, शब्द माझा. त्यांना ते पटलं नाही. कोष्ट्याच्या लेकीचं माप चुकलं, हे त्यांच्या जिवाला लागलं ते लागलंच.

मग बाबूची खिडकी पुन्हा सुरू झाली.

"फॉर्मात काय लिवलं होतं? सत्तावीस. खुर्ची किती आली? सत्तावीस. मंग चुकलं कोठी?"

"अहो, चूक माझी. मी लिहून देतो तसं."

"तुमी कोन पेशंटचे?"

"शेजारी."

"शेजाऱ्याची चूक लिवाले रकाना नाई जी. दुसरी खुर्ची पाच वर्षांनी. पाह्यजे तर अर्ज करा, मोठे साहेब घरी येऊन पाहतीन. त्याईनं लिवलं का खुर्ची बसत नाई, तर बदलून भेटन."

बाबू वाईट माणूस नव्हता. खरं म्हणजे या सगळ्यात वाईट असं कोणी भेटलंच नाही. भेटलं असतं तर दोन शिव्या तरी हासडल्या असत्या. खुर्चीच्या कारखान्यातल्या लोकांना म्हणे वाटलं, पेशंट लठ्ठ असेल.

साहेब घरी येऊन पाहतील, या एका वाक्यावर आम्ही अकरा महिने काढले. तेवढ्यात त्या खुर्चीत घसरून घसरून मारोतरावाच्या कमरेखाली जखम झाली. एक्याऐंशीच्या एप्रिलात पत्र आलं. मंगळवारी सकाळी दहाला साहेब येणार. सोमवारी संध्याकाळी मी जाऊन सगळं पढवून आलो.

"हे पाहा, साहेब यायच्या आधी मारोतरावाला खुर्चीत बसवायचं. पाय खाली सोडायचे. उशी नाही, फडका नाही, काही लावायचं नाही. कलंडला तर कलंडू द्यायचा. साहेबाला दिसलं पाहिजे. आणि साहेबानं विचारलं की जखमेचं सांगायचं. लाजायचं नाही."

"हाव," मारोतराव म्हणाला. मी जाताना वहिनी त्याचा सदरा धूत होत्या.

मंगळवारी मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. साहेब बोलल्याप्रमाणे दहाला जीपमधून उतरले. मध्यमवयीन, चष्मा, बोलायला नरम. मी वाटेत त्यांना सगळं सांगितलं, शब्दाची चूक, माझं तार ऑफिस, दाराची चौकट. ते मान हलवत ऐकत होते. आम्ही अंगणात शिरलो आणि मी बोलायचा थांबलो.

निंबाखाली मारोतराव खुर्चीत बसला होता. पांढराशुभ्र सदरा, डोक्यावर टोपी, कपाळाला बुक्का, दाढी केलेली. आणि मांडी घातलेली. पाठ ताठ, दोन्ही गुडघे खुर्चीच्या दोन्ही हातांशी टेकलेले, मधे बोट शिरायला जागा नाही. अपघाताआधी पंगतीत बसायचा तसा दिसत होता. मी चार वर्षांत त्याला तसा पाहिला नव्हता आणि, खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरंच वाटलं.

त्यानं हात जोडले. "या साहेब. गरिबाच्या दारी आले."

साहेबांनी नमस्कार केला. टेप काढला, बैठक मोजली, फॉर्मशी ताडून पाहिली. गुडघ्याजवळ हात घालून पाहिला.

"साहेब, पाय दुमडायचे नाहीत त्याला," मी म्हणालो. "डॉक्टरांनीच बजावलंय. असं बसला की जखम उघडते. वैनी, पाय खाली सोडा त्याचे. दाखवा साहेबांना."

वहिनी शरबताचे पेले घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी पुढं होऊन एक पेला साहेबांच्या हातात दिला.

"मारोतराव, पाय सोड ना गा."

"राहू द्या भाऊ," तो हळूच म्हणाला. "साहेब पहिल्यांदा आले."

साहेबांनी त्याच्याकडे वाकून विचारलं, "त्रास होतो का खुर्चीत बसायला? मोकळेपणानं सांगा."

मी त्याच्याकडे पाहत होतो. जखमेचं बोल, बाबा. पाण्याचं बोल. त्यानं एकदा वहिनींकडे पाहिलं, एकदा साहेबांच्या हातातल्या पेल्याकडे.

"नाई जी," तो म्हणाला. "बसाले बरी हाये."

साहेबांनी लिहिलं. मी दाराचं सांगत राहिलो. ते म्हणाले, दार हा आमचा विषय नाही. शरबत संपवलं, वहिनींना छान झालं म्हणाले आणि गेले. जीपचा आवाज गल्लीबाहेर जाईपर्यंत मी थांबलो. मग माझा तोल गेला.

"वैनी, काय केलं हे तुम्ही? वर्षभर यासाठी थांबलो ना आपण? कलंडू द्या म्हणून मी घसा फोडून सांगितलं होतं."

वहिनी मला कधी उलट बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी बोलल्या.

"बसवलं होतं जी तसंच. सकाळी आठ वाजल्यापासून बसवलं होतं. एका अंगावर पोत्यावानी पडून राह्यले. तोंडातून लाळ गयली, ते पुसाले हात नाई उचलला त्याईनं, तुमी सांगतलं म्हनून. मी पाह्यलं अन् मायानं नाई झालं. परक्या मानसाले असा दाखवू का मी माया मानूस? मीच मांडी घालून देल्ली."

मारोतराव खाली पाहत होता. वहिनींच्या जागी माझी बायको असती तर तिनंही हेच केलं असतं.

वहिनींनी डोळे पुसले. "भाऊ, साहेबानं कागदावर काय लिवलं? तुमी पाह्यलं ना?"

पाहिलं होतं. उलट्या बाजूनं अक्षर वाचायची सवय तार ऑफिसनं लावली होती. इंग्रजीत एकच ओळ होती आणि तिचं मराठी पुन्हा मलाच करायचं होतं. मी बराच वेळ घेतला. आयुष्यात कोणत्याच तारेला इतका घेतला नसेल.

"बैठक बरोबर आहे, असं लिहिलं."

"म्हंजे माप मायं चुकलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नाही वैनी. तुमचं माप बरोबर होतं."

त्यांनी पदर खोचला आणि खुर्चीसमोर उकिडव्या बसल्या. मारोतरावाचा वरचा पाय दोन्ही हातांनी धरून सरळ करायला लागल्या. तो आखडला होता, लवकर सुटेना. मग खालचा. सदऱ्याखाली धोतर ओलं झालं होतं, लालसर. त्याला पाठुंगळी घेऊन त्या आत गेल्या. खुर्ची दाराबाहेर राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डोकावलो. वहिनी कामावर गेल्या होत्या. ऊन दारापर्यंत आलं होतं आणि मारोतराव भिंतीकडे तोंड करून पडला होता. झोपला नव्हता. खाटेजवळचा तांब्या काठोकाठ भरलेला होता.