डाव्या पायाचा लाल दिवा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. जेवणाचा नव्हे आणि भंगारातलाही नव्हे, निदान अजून तरी. घरी बसून घ्यायच्या फ्रिक्वेन्सी थेरपीचा मी डबा. माझी एक वायर लॅपटॉपला जोडतात आणि दोन वायरी पायाखाली ठेवायच्या दोन स्टीलच्या पट्ट्यांना. लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर सांगेल तेवढ्या हर्ट्झची बारीकशी वीज मी त्या पट्ट्यांतून सोडतो. मला एवढंच येतं. पण या उन्हाळ्यात आमच्या घरात जे घडलं, त्यानं मी असा हादरलोय की अजून माझा माझ्यावरच विश्वास बसत नाही.

माझ्या पोटातल्या वायरी कारखान्यातल्या एका बाईंनी झाळल्या. त्यांचा हात स्थिर होता आणि त्या कामात कुणाशी बोलत नसत. मग मला खोक्यात घातलं. खोक्यावर छापलं होतं, 'सातशे प्रोग्रॅम'. मला पहिला धक्का तिथंच बसला. मी एक साधा डबा, आणि माझ्याकडे सातशे दुखण्यांवर उपाय! ते खरे की खोटे हे मला कुणी सांगितलं नाही, आजपर्यंत नाही. खोक्यात एक माहितीपत्रकही होतं. त्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, की जखमेवर पट्टी लावू नये, डॉक्टरांचे उपचार थांबवू नयेत आणि वापरताना अंगावरचे धातूचे दागिने काढावेत. या तीन सूचनांपैकी आमच्या घरात फक्त तिसरी वाचली गेली, तीही फार उशिरा.

मला विकत घेतलं उदयसिंहांनी. सगळे त्यांना आण्णा म्हणतात. कोल्हापुरात शाहूपुरीत त्यांचं रेडिओ आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर घर. खरखरणारा रेडिओ घेऊन कुणी आलं की आण्णा ठरलेलं सुनावत, "पावणं, खरखर म्हंजी मशीन तुमाला कायतरी सांगतंय. ती दाबायची न्हाय, शोधायची." असा माणूस आपल्याला मिळाला म्हणून मी खूश होतो.

मला आणलं ते त्यांच्या बायकोसाठी, बायडाबाईंसाठी. बायडाबाईंना बारा वर्षांपासून साखरेचा आजार. त्यांच्या पायांची इतकी आग व्हायची की भर थंडीत त्या गार फरशीवर पाय टेकून बसायच्या. डॉक्टर दर महिन्याला बोलवायचे, गोळ्या द्यायचे, पाय दाखवा म्हणायचे. आग काही थांबत नव्हती.

आण्णांनी माझ्यावर जीव ओतला, हे मात्र कबूल केलं पाहिजे. सातशे प्रोग्रॅमची नावं इंग्रजीत होती. ती त्यांनी एकेक करून मराठीत लिहिली. नको ते पुसून टाकले. उरलेले सांधे, झोप, पोट, पाय असे गटांत लावले. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक माणसाच्या नावाचं वेगळं पान उघडलं, म्हणजे कुणी किती मिनिटं बसलं, किती शक्तीवर बसलं, सगळं तारखेनिशी जमा होत राही. बायकोसाठी त्यांनी तीन प्रोग्रॅम जोडून स्वतःचा एक बनवला आणि त्याला नाव दिलं 'पायाची आग'. त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली आणि तो पेन ड्राइव्ह चक्क देव्हाऱ्याच्या खणात ठेवला.

बायडाबाई रोज सकाळी ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या पट्ट्यांवर पाय ठेवून बसू लागल्या. सुरुवातीला म्हणायच्या, "मुंग्या चालल्यागत वाटतंय." पुढे म्हणू लागल्या, "आता कायबी वाटत न्हाय." आण्णा शक्ती वाढवत. तीनवरून पाच, पाचवरून आठ. आणि एका सकाळी बायडाबाई टाळी वाजवून म्हणाल्या, "आवं, आग थांबली की माझी!"

मित्रांनो, मी फुशारून गेलो! गल्लीत माझं नाव झालं. खंडेनवमीला आण्णांनी पक्कड, पेचकस यांच्या रांगेत मला मधोमध मांडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. बायडाबाईंनी दर महिन्याचा दवाखाना सोडला. "आता कशाला जायाचं?" म्हणाल्या. मला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट अभिमानच वाटला. आज त्या अभिमानाची मला शरम वाटते.

आग थांबली तर जोतिबाला पाच खेटे घालीन, असा बायडाबाईंचा नवस होता. खेटा म्हणजे माघातल्या रविवारी अनवाणी चालत डोंगरावर दर्शनाला जायचं. पाचही रविवारी त्या कोल्हापूरहून पायी गेल्या. खडीवरून, तापलेल्या डांबरावरून, पायऱ्यांवरून. गुलालानं माखून परत आल्या की कौतुकानं सांगायच्या, "बरोबरच्या बायका आई आई करत हुत्या. माझ्या पायाला खडा टोचला न्हाय का काटा."

पाचव्या खेट्यानंतरच्या मंगळवारी त्या माझ्या पट्ट्यांवर बसल्या आणि पडद्यावर लाल दिवा लागला. 'डावा पाय: संपर्क बरोबर नाही.' मी टीं टीं करून ओरडलो. उजव्या पायाखाली वीज सगळीकडे सारखी पसरत होती, डाव्या पायाखाली मात्र एकाच ठिकाणी गर्दी करत होती. का, ते मला कळत नव्हतं. पट्टीवर टेकलेला तळवा मला दिसत नाही, फक्त लागतो.

आण्णांनी फडकं बदललं. वायर बदलली. डावी पट्टी घासून लख्ख केली. सॉफ्टवेअर काढून पुन्हा भरलं. लाल दिवा तसाच. शेवटी चष्मा लावून त्यांनी ते माहितीपत्रक काढलं आणि त्यांचं बोट दागिन्यांच्या ओळीवर थांबलं.

"तुझी जोडवी. त्येच्यामुळं बोंबलतंय हे. काढ बघू."

"जोडवी काढू?" बायडाबाई उसळल्या. "तुमी जित्तं असताना? डोकं ठिकाणावर हाय न्हवं?"

"मशीनला काय कळतंय त्यातलं!"

"मशीनला न्हाय कळत, मला कळतंय. ऱ्हाऊ दे तुमचं मशीन."

त्या मशीनवर बसायचंच बंद करतील या भीतीनं आण्णांनी माघार घेतली. त्यांनी बायडाबाईंचं पान उघडलं आणि 'सूचना दाखवा' या शब्दांपुढची खूण काढून टाकली. लाल दिवा विझला, माझा आवाज गेला. खरखर दाबू नका म्हणून तीस वर्षं गिऱ्हाइकांना झापणाऱ्या माणसानं माझं तोंड बंद केलं, आणि मी आतल्या आत ओरडत त्याच पायाखाली रोज आठच्या शक्तीनं वीज सोडत राहिलो. तेवीस दिवस.

चोविसाव्या दिवशी राधानगरीहून एसटीनं अंबूबाई आल्या. बायडाबाईंची धाकटी बहीण. तोंडानं फटकळ, गुडघ्यानं बेजार. हातातली दुधाची किटली खाली ठेवायच्या आत म्हणाल्या, "दाजी, मला बी बसवा त्या डब्यावर."

आण्णांनी अंबूबाईंच्या नावाचं नवीन पान उघडलं. नवीन पानावर सूचनांची खूण आपोआप असते. "आधी जोडवी काढ," ते म्हणाले, "न्हायतर बोंबलतंय ते."

"आक्कानं काढलीती?"

"न्हाय."

"मग मी बी न्हाय काढायची."

त्यांनी जोडव्यांसकट दोन्ही पाय पट्ट्यांवर ठेवले. मी सुरू झालो. उजवा पाय हिरवा. डावा पाय हिरवा. आण्णा पडद्याकडे बघतच राहिले. त्यांनी मला बंद करून पुन्हा चालू केलं. दोन्ही हिरवे.

"काय झालं, दाजी?"

"तुझ्या आक्काच्या डाव्या पायाला लाल दिवा लागायचा. जोडव्यानं लागतोय म्हणून म्या बंद केलता."

अंबूबाईंनी बहिणीच्या पायांकडे बघितलं. "अवो, तिच्या उजव्या पायात बी जोडवं हायच की. त्यो कसा गप बसलाय?"

इतका साधा प्रश्न! तेवीस दिवस मला हाच विचारायचा होता. आण्णांनी बायडाबाईंना बसवलं, त्यांच्या पानावर खूण परत लावली, आणि मी तत्काळ किंचाळलो. आण्णा जमिनीवर बसले आणि बायकोचा डावा पाय उचलायला त्यांनी हात घातला. बायडाबाईंनी झटकन पाय मागं ओढला. "आवं, पाया काय धरताय माझ्या! पाप लागंल मला!"

अडतीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावला नव्हता. म्हणून तो पाय कुणी उलटा करून बघितलाच नव्हता. त्या स्वतः वाकू शकत नव्हत्या आणि त्यांना काही टोचतही नव्हतं.

आण्णांनी ऐकलं नाही. त्यांनी पाय वर उचलला. अंगठ्याशेजारच्या बोटाखाली जखम होती. खोल, ओली, कडेनं काळी. आत खडीचा एक तुकडा अजून रुतलेला. अंबूबाईंनी तोंडावर पदर दाबला. बायडाबाई विचारत राहिल्या, "काय झालंय? काय हाय तिथं? मला तर कायच दुखत न्हाय."

दवाखान्यात आण्णांनी लॅपटॉप आणि मला पिशवीतून बरोबर नेलं. कोणत्या प्रोग्रॅमनं आराम पडला होता ते त्यांना डॉक्टरांना दाखवायचं होतं. डॉक्टरबाईंनी बायडाबाईंचं पान बघितलं, तारखा बघितल्या आणि डोळ्यांवरचा चष्मा काढला.

"काका, आग थांबली ती पाय बरा झाला म्हणून नव्हे. साखरेनं पायाच्या नसा मेल्या, म्हणून थांबली. काही वाटत नाही म्हणाल्या तेव्हाच यायला हवं होतं."

आण्णा बारीक आवाजात म्हणाले, "तवा आमी पेढं वाटलं, बाई."

पिशवीत मी बधिर झालो होतो. ज्या दिवसाबद्दल माझी पूजा झाली, तो पाय मरायला लागल्याचा दिवस होता! आणि उघड्या जखमेवरून वीज सोडणारा मीच होतो.

पाय जाईल की राहील, हे दहा दिवस कळलं नाही. शेवटी पाय राहिला. ते बोट मात्र काढावं लागलं. त्याआधी सुजलेल्या बोटातलं जोडवं नर्सनं कटरनं तोडलं, तेव्हा बायडाबाई पहिल्यांदा रडल्या. बोटासाठी नव्हे, जोडव्यासाठी. आण्णा त्यांच्या उशाशी उभे राहून एवढंच म्हणत होते, "मी हाय, बायडे. मी जित्ता हाय की."

आता बायडाबाई दर महिन्याला दवाखान्यात जातात आणि गोळ्या चुकवत नाहीत. आण्णांनी 'पायाची आग' पुसून टाकला आणि पेन ड्राइव्ह देव्हाऱ्यातून काढला. रोज सकाळी, पूर्वी ज्या वेळेला ते मला सुरू करत, त्या वेळेला ते परात घेऊन खाली बसतात. बायकोचे दोन्ही पाय धुतात, पुसतात, उलटे करून निरखून बघतात. बायडाबाई अजूनही लाजतात, पण पाय मागं ओढत नाहीत.

मी फळीवर आहे. माझ्यावर धूळ बसते आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तुटलेलं जोडवं देवापुढं ठेवायला बायडाबाईंचं मन झालं नाही, टाकवलंही नाही. आण्णांनी ते माझ्या वायरींच्या पिशवीत ठेवलं आहे. कुणी फळीला धक्का दिला की ते आत वाजतं.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा डबा असेल. तो बरं करतो की नाही, हे डॉक्टरांना विचारा, खोक्याला विचारू नका. आणि तो कधी ओरडला, तर त्याचं तोंड बंद करण्याआधी ज्या माणसासाठी तो आणलाय त्याचा पाय एकदा उचलून बघा. माणूस लाजला, ओरडला, तरी उचला.